विश्लेषण : सिंधुदुर्गातील रुग्णाला अजूनही बांबोळीच का गाठावी लागते?

सिंधुदुर्गातील अपघाताच्या बातमीत एक वाक्य इतक्या वेळा येते की ते आता छापील साच्यासारखे वाटते : ‘प्राथमिक उपचार करून अधिक उपचारासाठी गोवा-बांबोळी येथे हलविण्यात आले.’ बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले, अगदी कुडाळ-मालवणपर्यंत हे वाक्य लागू पडते. जिल्हा महाराष्ट्रातला, रुग्णवाहिका महाराष्ट्राची, रुग्णालय मात्र दुसऱ्या राज्यातले. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन काही वर्षे झाली, तरी हे चित्र फारसे पालटलेले नाही. असे का?

बांबोळीचे रुग्णालय सिंधुदुर्गासाठी एवढे महत्त्वाचे का?

गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे नाव १९६३ नंतरचे. त्याचा उगम १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय-शल्य विद्यालयात आहे. पुढे रुग्णालय पणजीतून बांबोळीच्या पठारावर, राष्ट्रीय महामार्गालगत आले. आज तेथे एक हजाराहून अधिक खाटा आहेत. मेंदूशल्यचिकित्सा, हृदयरोग, मूत्रपिंडविकार, मूत्रविकार, प्लास्टिक सर्जरी असे स्वतंत्र विभाग आहेत. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या आसपास. सिंधुदुर्गाची ८ लाख ४९ हजार. म्हणजे निम्म्या गोव्याहून मोठा जिल्हा या रुग्णालयाच्या उत्तरेला लागून आहे, आणि त्या जिल्ह्यात बराच काळ एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते.

नकाशाही गोव्याच्याच बाजूने आहे. बांद्यात उभे राहिले तर ओरोस आणि बांबोळी यांच्या अंतरात फार फरक नाही. दोडामार्गकरांना तर म्हापसा जवळ, ओरोस दूर आणि उलट दिशेला. म्हापशातील उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक अजूनही ‘आझिलो’ म्हणतात, हे दोडामार्गच्या कित्येक गावांसाठी पहिले रुग्णालय असते. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणजे ‘सीपीआर’ हा राज्यातला पर्याय. पण तेथे जायचे तर आंबोली, फोंडा किंवा करूळचा घाट चढावा लागतो. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही रस्ता बंद. डोक्याला मार लागलेला रुग्ण घेऊन घाट चढायचा की सपाट महामार्गाने गोवा गाठायचा, हे ठरवायला रुग्णवाहिकेच्या चालकाला वेळ लागत नाही.

त्यात रोजचा संबंध. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, शिरोडा भागातील तरुण पेडणे, म्हापसा, पणजी, वेर्णा येथे कामाला जातात. बरेच जण रोज दुचाकीने. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यावर ही ये-जा आणखी वाढली. दोन्ही बाजूंचे रोटी-बेटीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचे. आजारपणात गोव्याला जाणे हे सिंधुदुर्गात कधी ‘परराज्यात जाणे’ वाटलेच नाही. ते तसे वाटू लागले २०१८ मध्ये.

२०१८ मध्ये नेमके काय झाले?

१ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क लावले. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री आणि विश्वजीत राणे आरोग्यमंत्री असतानाचा हा निर्णय. त्याआधी गोव्याने २०१६ मध्ये आपल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली होती. किमान ५ वर्षे गोव्यात वास्तव्य ही तिची अट. बाहेरच्यांचे शुल्क याच योजनेच्या दरपत्रकाच्या आधाराने ठरले. खासगी रुग्णालयाच्या तुलनेत रक्कम कमीच होती. परंतु आजवर खिशात एसटीचे भाडे आणि जेवणाचे पैसे घेऊन बांबोळीला जाणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेआधी पैसे मोजण्याची वेळ आली, तेव्हा दर कमी आहे की जास्त हा मुद्दा उरला नाही.

प्रतिक्रिया उमटली ती सर्वांत आधी दोडामार्गात. तेथील लोकांनी आरोग्याच्या प्रश्नावर ‘जनआक्रोश’ आंदोलन केले. त्या आंदोलनाची एक बाजू दुर्लक्षित राहिली. रोष गोव्यावर होता, तसाच आपल्याच राज्यावरही होता. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर नाहीत, म्हणून गोव्याला जावे लागते. गोव्याला गेले तर पैसे पडतात. मग आम्ही जायचे कुठे, असा सरळ प्रश्न होता. यानंतर दोन्ही राज्यांत बोलणी झाली आणि महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून बांबोळीत उपचार मिळावेत, हा मार्ग पुढे आला.

मार्ग चांगला, पण अरुंद. ही योजना ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियांच्या यादीवर चालते. योजनेत सामील केलेले, सरकारी भाषेत ‘अंगीकृत’, रुग्णालय लागते, कागदपत्रे लागतात, उपचाराआधी मंजुरी लागते. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, वारंवारच्या फेऱ्या, सोबतच्या नातेवाइकाचा खर्च यांत येत नाही. राज्याने २०२३ मध्ये योजनेचे संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय घेतला. रक्कम वाढली, यादी, मंजुरी आणि कागदपत्रे यांची चौकट राहिली.

गोव्याचे म्हणणे चूक होते का?

पूर्णपणे चूक म्हणता येणार नाही. ‘सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये’ हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्य सूचीत आहे. बांबोळीचा खर्च गोव्याच्या तिजोरीतून होतो. सिंधुदुर्गासोबत कर्नाटकातील कारवार, बेळगाव भागातूनही रुग्ण येतात. एका खाटेवर दोन रुग्ण किंवा जमिनीवर अंथरूण असे दृश्य दिसले की गोव्यातला करदाता विचारणारच, की शेजारच्या मोठ्या राज्याने स्वतःची रुग्णालये का उभारू नयेत? बांबोळीतही सगळे आलबेल असते असे नाही. मे २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत तेथे ऑक्सिजनपुरवठ्यातील अडचणींमुळे रुग्ण दगावल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गाजले होते. ताण असलेल्या व्यवस्थेवर आणखी भार नको, ही भावना समजण्यासारखी आहे.

मात्र न्यायालयांनी या बाबतीत काही रेषा आखल्या आहेत. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले, की तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. सरकारला पैशांची अडचण सांगून सुटता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले.

दुसरे उदाहरण सीमेवरच्या रुग्णालयाचेच, आणि तेही २०१८ चेच. दिल्लीतील गुरू तेगबहादूर रुग्णालय उत्तर प्रदेशाच्या हद्दीजवळ आहे. तेथे दिल्लीच्या रहिवाशांना प्राधान्य देणारे आणि बाहेरच्यांच्या सेवा मर्यादित करणारे परिपत्रक दिल्ली सरकारने काढले. दिल्ली उच्च न्यायालयाने ते ऑक्टोबर २०१८ मध्ये रद्द केले. गोव्याचा निर्णय वेगळा आहे, हे मान्य करायला हवे. तेथे दार बंद केले नाही, दारात शुल्क ठेवले. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याच्या दृष्टीने हा फरक किती उरतो?

ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झाले, मग प्रश्न सुटायला हवा होता?

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. सिंधुदुर्गच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२१ मध्ये १०० जागांची मान्यता मिळाली आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. त्याआधी पडवे येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयही उभे राहिले होते. कागदावर पाहिले तर साडेआठ लाखांच्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये, म्हणजे चैनच.

पण एमबीबीएसचे महाविद्यालय चालवण्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कोणते विभाग सक्तीचे मानतो, ते पाहावे. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग, नाक-कान-घसा, नेत्ररोग, त्वचारोग, मानसोपचार, भूलशास्त्र, क्ष-किरणशास्त्र. १०० जागांसाठी चारशेहून अधिक खाटा हव्यात. या यादीत न्यूरोसर्जन नाही. हृदयरोगतज्ज्ञ आणि कॅथलॅब नाही. म्हणजे आयोगाच्या सर्व अटी पूर्ण करणारे महाविद्यालयही डोक्यात रक्तस्राव झालेल्या दुचाकीस्वाराला बांबोळी किंवा कोल्हापूरलाच पाठवू शकते, आणि त्यात नियमाचा भंग नाही. ‘मेडिकल कॉलेज झाले’ याचा अर्थ लोक ‘आता सगळे इथेच होणार’ असा घेतात. पुढाऱ्यांनीही तो तसाच घेऊ दिला.

दुसरी गोष्ट वेळेची. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्षाची आंतरवासिता. पहिल्या तुकडीतील विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडायलाच साडेपाच वर्षे लागतात. त्यापुढे विशेषज्ञ होण्यास आणखी ३ वर्षे आणि अतिविशेषज्ञ होण्यास त्यानंतर पुन्हा ३. मोठ्या रुग्णालयात रात्रीची सूत्रे प्रत्यक्षात निवासी डॉक्टरांच्या हाती असतात. हे निवासी डॉक्टर पदव्युत्तर जागा असतील तरच मिळतात. जुन्या महाविद्यालयांची ताकद इमारतीत कमी आणि या निवासी डॉक्टरांच्या फळीत जास्त आहे. बांबोळीत ती फळी आहे. नव्या महाविद्यालयांत ती उभी राहायला दशक लागते.

महाराष्ट्रात ही स्थिती एकट्या सिंधुदुर्गची नाही. गेल्या काही वर्षांत अलिबाग, धाराशिव, नंदुरबार, सातारा, परभणी, रत्नागिरी येथे शासकीय महाविद्यालये आली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते आणखी १० महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. त्यात गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा अशी नावे आहेत. बहुतेक ठिकाणी पद्धत एकच : असलेले जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडायचे. त्यामुळे पाटी बदलते, खाते बदलते. खाटा आणि माणसे वाढायला वेळ लागतो. खाते बदलण्याचा परिणाम तर थेट खिशावर होऊ शकतो. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क केले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. आरोग्य केंद्रात फुकट, मोठ्या रुग्णालयात शुल्क, ही विसंगती सामान्य रुग्णाला कोण समजावणार?

तालुक्याच्या रुग्णालयात अडते कुठे?

ओरोस आणि बांबोळीच्या चर्चेत हा दुवा हरवतो. सरकारी रचनेत ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, त्यावर ५० किंवा १०० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय आणि मग जिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. तालुका पातळीवर फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असे पाच जण अपेक्षित असतात. यातला भूलतज्ज्ञ नसेल तर सर्जन असूनही शस्त्रक्रिया होत नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही सिझेरियन होत नाही. एका माणसाअभावी तीन जणांचे काम थांबते, पण रिकाम्या पदांच्या तक्त्यात ते ‘एक पद रिक्त’ एवढेच दिसते.

डॉक्टर का टिकत नाहीत, याची कारणे नवी नाहीत. भरती उशिरा होते, कंत्राटी नेमणुकांत स्थैर्य नसते, राहायला धड जागा नसते. चोवीस तास एकटाच विशेषज्ञ असेल तर त्याला रजा कधी मिळणार? बंधपत्रित सेवेवर आलेले तरुण डॉक्टर वर्षभराने पदव्युत्तर प्रवेशासाठी निघून जातात. सावंतवाडीत मल्टिस्पेशालिटी रुग्णालय होणार, ही घोषणा लोकांनी अनेकदा ऐकली आहे. ते जागेच्या वादात रेंगाळले. मोठ्या रुग्णालयाच्या घोषणेत एक तोटाही असतो. ते येणार म्हणून आहे त्या उपजिल्हा रुग्णालयाकडे लक्ष देणे कमी होते.

या सगळ्याचा भार रुग्णवाहिकेवर पडतो. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. सावंतवाडीहून बांबोळीला जाऊन परत यायचे म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. रुग्ण दाखल होईपर्यंतचा वेळ धरला तर तीन-चार तास. तेवढा वेळ त्या भागात ती गाडी नसते. त्या वेळात सर्पदंश झाला, बाळंतपणात गुंतागुंत झाली, तर पुढची गाडी दुसऱ्या तालुक्यातून येते. ‘रुग्ण रेफर केला’ या नोंदीत ही किंमत कुठेच दिसत नाही.

लोकसंख्येचाही विचार करायला हवा. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती घटली. तरुण मुंबई-पुण्याला किंवा गोव्यात, घरी आई-वडील. अशा जिल्ह्यात पक्षाघात, हृदयविकार, डायलिसिस या गरजा वाढतच जाणार. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गावातून तालुका, तालुक्यातून ओरोस, तिथून बांबोळी, असे तीन थांबे झाले की ही मुदत वाटेतच संपते.

सीमेवरचे आजार कोणाचे?

माकडतापाचे उदाहरण बोलके आहे. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाळी गावात या आजाराचे रुग्ण आढळले. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातील केर गावात त्याने डोके वर काढले, नंतर बांदा परिसरात. दोन्हीकडचे जंगल एकच, काजूच्या बागा एकसारख्या, गोचिडीही त्याच. काजूच्या हंगामात बागेत जाणारा माणूस तापाने पडला की तो कधी दोडामार्गच्या रुग्णालयात जायचा, कधी म्हापशाला, कधी थेट बांबोळीला. रक्ताचे नमुने तपासायला कर्नाटकातील मणिपालला जायचे. म्हणजे एका आजारासाठी तीन राज्ये. रुग्ण कोणत्या राज्याचा, हा हिशेब तेथे निरर्थक होता. खरी गरज होती ती एका बाजूला रुग्ण सापडला की दुसऱ्या बाजूला त्याच दिवशी कळण्याची.

यावर मार्ग काय?

दोन राज्यांत लेखी, कायमस्वरूपी करार हा सर्वांत सरळ उपाय आहे आणि त्याला पूर्वसूर आहे. तिलारी धरण दोडामार्ग तालुक्यात आहे, त्याचे बरेचसे पाणी गोव्याला जाते, आणि त्यासाठी दोन्ही राज्यांनी १९९० मध्ये करार करून खर्च व पाणी वाटून घेतले. पाण्यासाठी जे जमले ते रुग्णांसाठी का जमू नये? सिंधुदुर्गातील रुग्णांचा खर्च महाराष्ट्राने दरवर्षी हिशेबाने गोव्याला द्यावा. त्या बदल्यात बांबोळीत सिंधुदुर्गच्या रुग्णाला शुल्काच्या खिडकीवर उभे राहावे लागू नये. आयुष्मान भारत योजनेत एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे, ही सोय २०१८ पासून तत्त्वतः आहेच. यादीबाहेरचे आजार आणि बाह्यरुग्ण तपासण्या यांसाठी स्वतंत्र तरतूद लागेल.

अर्थात करार म्हणजे महाराष्ट्राची सुटका नव्हे. ओरोसला न्यूरोसर्जन आणणे अवघड असेल, पण सीटी स्कॅन चोवीस तास चालू ठेवणे, भूलतज्ज्ञांची सलग पाळी लावणे, रक्तपेढीत साठा ठेवणे आणि अतिदक्षता विभागात प्रशिक्षित परिचारिका नेमणे हे अवघड नाही. गोव्याने हृदयविकाराच्या झटक्यासाठी तालुका पातळीवरील रुग्णालये बांबोळीला जोडली आहेत. ईसीजी तेथील तज्ज्ञ पाहतात आणि पहिले इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात दिले जाते. हीच साखळी बांदा, सावंतवाडी, दोडामार्गपर्यंत वाढवायला नवी इमारत लागत नाही. दोन्ही सरकारांची सही लागते.

तोपर्यंत रुग्णाच्या नातेवाइकांनी काय करावे?

बांबोळीला निघताना पाठवणाऱ्या रुग्णालयाचे संदर्भपत्र, केसपेपर आणि सीटी स्कॅन किंवा एक्स-रेच्या प्रती न विसरता घ्याव्यात. त्या नसतील तर तपासण्या पुन्हा होतात आणि त्यात वेळ जातो. सोबत शिधापत्रिका, रुग्णाचे आधार कार्ड आणि असल्यास आयुष्मान कार्ड ठेवावे. तातडीत कागद मागे राहिले तर घरच्यांकडून मोबाइलवर छायाचित्रे मागवून घ्यावीत. महात्मा फुले योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते; शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती यादीत आहे का आणि मंजुरी आली का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे. पक्षाघाताची शंका असेल, म्हणजे तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तर लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवावे. बांबोळीचे डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.